वर्डप्रेसवर केलेलं काम ‘खरं’ डेव्हलपमेंट नसतं का?

तू टी. वाय. बीसीएसला आहेस. कोथरूडच्या एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप करतेस आणि तिथे वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, मंगल कार्यालयाच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवतेस. हिंजवडीत नोकरीला लागलेला मामेभाऊ म्हणतो, ‘हे कसलं डेव्हलपमेंट? लॅरावेल शिक.’ (लॅरावेल म्हणजे पीएचपी भाषेत वेबसाइटचा कोड लिहायची चौकट.) इंटर्नशिप सोडू का, असं तू विचारलंयस.

नको सोडूस. नुसती प्लगइन्स (वर्डप्रेसला जोडायची तयार सॉफ्टवेअर्स) टाकून साइट उभी करत असतीस, तर मामेभावाचं बरोबर होतं. तू मात्र हुक्स, म्हणजे वर्डप्रेसच्या कामात आपला कोड जोडायच्या जागा, वापरून स्वतःचं प्लगइन लिहितेयस. २००३ साली ब्लॉगसाठी निघालेल्या वर्डप्रेसमध्ये आज लॉगिन, युजरचे अधिकार, फोटोंची व्यवस्था, अ‍ॅडमिनची पानं, रेस्ट एपीआय (दुसऱ्या अ‍ॅपशी माहितीची देवाणघेवाण करायची सोय) हे सगळं तयार मिळतं. कार्यालयाच्या मालकाला फोटो आणि भाडं स्वतः बदलता येतं, दर वेळी तुला फोन करावा लागत नाही. छोट्या गिऱ्हाइकाला हेच हवं असतं.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच वाक्याची. बुकिंगचा तू कस्टम पोस्ट टाइप केलायस, म्हणजे प्रत्येक बुकिंग वर्डप्रेसच्या लेखासारखं (पोस्टसारखं) साठवतेस, आणि तारीख त्याला जोडलेल्या कस्टम फील्डमध्ये ठेवलीयस. ते फील्ड पोस्टमेटा टेबलात मजकूर म्हणून साठतं आणि त्या रकान्यावर मुळात इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) नसतो. शोध मंदावेल, ते एक वेळ चालेल. पण मुहूर्ताच्या एकाच तारखेसाठी दोन घरच्यांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर? दोघांनाही हॉल रिकामा दिसणार, दोघांचंही बुकिंग पडणार. पुढचं भांडण कार्यालयाच्या दारात!

म्हणून बुकिंगला स्वतंत्र टेबल कर. हॉल, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ या तिघांवर मिळून एक युनिक की लाव, म्हणजे दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. हॉलची माहिती आणि फोटो खुशाल पोस्टमध्येच राहू देत. कुठवर वर्डप्रेसच्या सोयी वापरायच्या आणि कुठे स्वतःचं टेबल करायचं, हे मुलाखतीत नीट सांगता आलं की ‘वर्डप्रेसवाली’ म्हणून कोणी हिणवत नाही.

लॅरावेल सुट्टीत शीक, पीएचपी येतेच आहे. त्याआधी जावास्क्रिप्ट आणि रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्टमध्ये स्क्रीन बनवायची लायब्ररी) घे. २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून वर्डप्रेसचा एडिटरच त्यावर आहे.

या रविवारी मामेभावाला घरी बोलाव. दोन लॅपटॉपवरून एकच तारीख एकदमच बुक करून बघा आणि काय झालं ते मला कळव.