शेजाऱ्यांचा इतिहास आणि आपली श्रद्धा

गोव्यात समुपदेशन करताना ख्रिस्ती कुटुंबांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत वारंवार येतो. वातावरण तापलेले असताना आपली श्रद्धा चारचौघांत जगायची कशी? गप्प बसावे तर मन खाते, बोलावे तर वाद अंगावर येतो, आणि शेजाऱ्यांच्या सणाला जावे तर आपल्याच मंडळीत कुणीतरी नाक मुरडते. या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून एका ताईंचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडते आहे.

ताई मूळच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्ती घरातल्या. यजमान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, म्हणून संसार फोंड्यात, आणि त्या स्वतः मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांच्या घरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग टाळावर म्हटले जातात. गोव्यातला ख्रिस्ती समाज बहुतांशी कॅथलिक आणि कोकणी बोलणारा आहे. त्यामुळे ख्रिस्ती ओळखीपाळखीत त्या ‘घाटावरच्या’ आणि इमारतीत मात्र ‘ख्रिश्चन’, असे दुहेरी परकेपण त्यांच्या वाट्याला आधीपासूनच होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सोळाव्या शतकातले कॅथलिक मिशनरी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांविषयीच्या एका वक्तव्यावरून गोव्यात संताप उसळला आणि मडगावात रस्ते अडवले गेले. २१ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन सुरू व्हायचे होते, त्यामुळे चर्चेला आणखी धार आली. अवशेषांचे दर्शन ताईंच्या पंथात नाही, तरीही इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर जे जे येत होते ते त्यांना आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटू लागले. त्यातच इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, अत्याचारांचा एक लांबलचक मजकूर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पुढे पाठवला. याच काकूंकडे नरकचतुर्दशीच्या सकाळी ताकातले, रोसातले, गुळातले फोव (पोहे) खायला ताईंचे कुटुंब दरवर्षी जात असे. ताईंनी स्कूटरवरचे क्रुसाचे चित्र खरवडून काढले, सातवीतल्या मुलाला रविवारी आपण कुठे जातो हे वर्गात सांगू नकोस असे बजावले, आणि त्यांची झोप उडाली.

पहिल्या भेटीत त्यांनी विचारले, “मॅडम, दिवाळीला काकूंकडे फोव खायला जाणे माझ्या श्रद्धेत बसते का?”

“इतकी वर्षे गेलात तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता. तो याच वर्षी का पडला असावा?” मी विचारले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “काकू माझ्याबद्दल मनात काय धरून बसल्या असतील, याची धास्ती वाटते.”

संकटाच्या काळात असे पुष्कळदा घडते. भीती वाटते असे म्हणणे अवघड जाते, श्रद्धेत काय बसते असे विचारणे सोपे जाते. दोन्ही प्रश्न खरे असतात, पण त्यांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. फोव आणि प्रसादाचा प्रश्न ताईंनी आपल्या पाळकांपुढे ठेवावा असे मी सुचवले, कारण तो अधिकार माझा नाही. पाळकांनी त्यांच्यासोबत बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठवे आणि दहावे अध्याय वाचले. मूर्तींना वाहिलेल्या अन्नाबद्दल विश्वासणाऱ्यांत मतभेद होते तेव्हाच ते लिहिले गेले होते, आणि त्यात स्वतःच्या सद्सद्विवेकाइतकीच दुसऱ्याच्या विवेकाचीही काळजी घ्यायला सांगितले आहे. धास्तीचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

ताईंनी त्या मजकुराला एक उत्तर लिहून फोनमध्येच ठेवले होते. ते मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितले. पहिल्या अर्ध्या भागात पोर्तुगीज काळात शाळा, दवाखाने, छापखाने कसे आले ते होते, आणि दुसऱ्या अर्ध्यात, आमचा त्या पोर्तुगीजांशी काडीचा संबंध नाही, आमचे पूर्वज नगरच्या अमेरिकन मिशनच्या प्रभावाने ख्रिस्ती झाले, असे होते. वाचता वाचता त्या स्वतःच थांबल्या. ज्यांच्याशी आपला संबंध नाही, त्यांची बाजू आपण का सावरतो आहोत, हे त्यांच्याच लक्षात आले.

येथे इतिहासात थोडे थांबावे लागेल, कारण फोंड्यात राहणाऱ्याला तो टाळता येत नाही. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. ते यावे अशी विनंती झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्राने केली होती, मात्र ते येण्यापूर्वीच, १५५२ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्याच शतकात तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतली देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कारण फोंडा महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. माझे स्वतःचे कुलदैवत या स्थलांतरितांपैकीच आहे, आणि हे मी ताईंना सांगितले. आमच्या घरांत ही हकिकत आजीकडून नातवाकडे येते, पुस्तकातून नव्हे, म्हणून आकडे आणि संदर्भ देऊन कुणी तिचे खंडन करू लागले की ते मनाला लागते. दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे आणि ती फार कमी सांगितली जाते: इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चालत असे, त्यामुळे जुन्या चालीरीती न सुटलेली कितीतरी ख्रिस्ती माणसेच त्या न्यायासनापुढे उभी केली गेली.

मी ताईंना म्हटले, “त्या काळाचा बचाव करणे तुमच्याकडे नाही आणि त्या काळाचा अपराध डोक्यावर घेणेही तुमच्याकडे नाही. पण ज्यांच्या घरात ते दुःख आहे त्यांच्याजवळ बसणे तुम्हाला जमेल का?” त्यावर त्या म्हणाल्या की, शोक करणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटले आहे, तो शोक काकूंचाही असू शकतो, असे कधी मनात आले नव्हते. पुढच्या काही भेटींत आम्ही काकूंशी बोलण्याचा सराव केला. मी काकू व्हायचे, ताईंनी ताईच राहायचे. सुरुवातीला प्रत्येक वाक्यात ‘पण’ यायचा, हळूहळू तो कमी झाला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी त्या खाली गेल्या. काकू म्हणाल्या, “अगो, तो मेसेज भाच्याने पाठवला, मी पुढे ढकलला. तुझे नाव माझ्या मनातसुद्धा नव्हते. पण झाले ते झालेच ना?” ताई म्हणाल्या, “झाले, आणि ते अन्यायाचेच होते. माझ्या प्रभूचे नाव घेऊन झाले, म्हणून मला जास्त वाईट वाटते.” मग काकूंनी हल्लीच्या धर्मांतरांचा विषय काढला. ताईंनी सांगितले की कुणी विचारले तर मी काय मानते ते सांगेन, कुणाच्या गळी उतरवायला जाणार नाही. काकूंचे समाधान झाले असे ताईंना वाटले नाही. पण फोवांना जाण्याचे ठरले. देवघरातले तीर्थ मी घेणार नाही, हे ताईंनी आधीच सांगून टाकले, तेव्हा काकू म्हणाल्या, “मी तुला जेवायला बोलावते आहे, पूजेला नव्हे.”

सगळीकडे असे होत नाही. त्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी गटावर ख्रिस्ती लोकांनी पोर्तुगालला चालते व्हावे असे लिहिले होते. त्यांच्याकडे जाऊ नका, असे मी ताईंना स्पष्ट सांगितले. मजकुराची छायाचित्रे जपून ठेवावीत, सोसायटीच्या अध्यक्षांना लेखी कळवावे, आणि धमकीचा सूर दिसला तर ११२ वर फोन करून तक्रार द्यावी. धर्माच्या आधारे वैर पसरवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. क्षमा करायची तर तक्रार कशी करायची, असे श्रद्धावान माणसे मला विचारतात. पण फटके मारण्याची तयारी झाली तेव्हा पौलाने आपले रोमी नागरिकत्व सांगितले आणि पुढे कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दादही मागितली, हे प्रेषितांच्या कृत्यांत स्पष्ट आहे. छळ सोसणे आणि कायद्याचे संरक्षण नाकारणे यांची गल्लत करून घरातल्या मुलांना धोक्यात ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. अध्यक्षांनी समज दिल्यावर त्या गृहस्थांचे लिहिणे थांबले, मत बदलल्याचे दिसत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी मुलाची होती. मोठी माणसे भीतीपोटी काही लपवतात तेव्हा त्यामागचे कारण त्यांना ठाऊक असते. मुलाला फक्त एवढेच समजते की आपल्या घरात लाज वाटण्यासारखे काहीतरी आहे. ताईंनी त्याला समोर बसवून सांगितले की, लपव असे मी घाबरून म्हटले होते, ते योग्य नव्हते. कुणी विचारले तर खरे सांग, कुणी चिडवले तर घरी येऊन सांग, आणि दुसऱ्याच्या देवाविषयी वाईट शब्द काढू नकोस. त्याने विचारले, शाळेच्या कार्यक्रमात घुमट (गोव्यातले मातीचे तालवाद्य) वाजवले तर चालेल का? आरतीला नको आणि गाण्याला चालेल, असे त्या दोघांनी मिळून ठरवले. त्यांच्याच मंडळीतल्या एका कुटुंबाने मुलाला दोन्हींची परवानगी दिली आहे, दुसऱ्याने एकाचीही नाही, आणि त्यावरून त्यांच्यात अधूनमधून बोलणी होतात.

ताई आता नियमित येत नाहीत. गटावर जुना विषय पुन्हा निघाला की फोन बाजूला ठेवून काकूंकडे एक चक्कर टाकायची, हा त्यांचा परिपाठ झाला आहे. अलीकडे काकूंनी त्यांना विचारले की, तुमच्या टिळकांचे ते अभंग आम्हाला म्हणायला चालतील का, आणि ताई सध्या हा प्रश्न पाळकांकडे घेऊन गेल्या आहेत.