आधी पाणी तपासा, मग खताचं बघू

या वेळच्या पत्रांत एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या गावांहून आलं आहे: पानं बिघडलीत, कोणतं खत देऊ? माझी नोकरी माती परीक्षण प्रयोगशाळेत झाली. तिथे लागलेल्या सवयीमुळे खताचा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारते. कुंडीतलं झाड उपाशी राहतं ते बहुतेक वेळा जेवण नसल्यामुळे नव्हे, तर ताट समोर असून घास घेता न आल्यामुळे.

ताई, गच्चीवर मोठ्या कुंडीत कागदी लिंबाचं झाड आहे. पाणी बोअरचं. पावसाळा संपल्यापासून शेंड्याची नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत दिलं, डीएपीचे दाणे टाकले, अंड्याची टरफलं कुटून घातली, जावेनं सांगितलं म्हणून चुलीतली राखही घातली. आता नवी पानं जवळजवळ पांढरी येतायत. गंधक टाकू का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

‘नवी पानं’ आणि ‘हिरव्या शिरा’ हे तुम्ही लिहिलंत तिथेच निम्मं काम झालं. ही लोहाची कमतरता आहे. उसाला किंवा भुईमुगाला हेच झालं की आपल्याकडे ‘केवडा पडला’ म्हणतात.

आधी कोणतं पान बिघडलं, ते का बघायचं? नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम कमी पडले तर झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी जातात. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन एकदा पानात गेले की तिथेच अडकतात, म्हणून त्यांची टंचाई शेंड्याला दिसते. एवढं एक ध्यानात ठेवलंत तर निम्मी चुकीची औषधं वाचतील.

आता गंमत अशी की तुमच्या मातीत लोह भरपूर आहे. मराठवाड्याची काळी माती बेसॉल्टपासून झालेली, तिच्यात लोहाला काय तोटा! पण मातीचा सामू, म्हणजे पीएच (७च्या खाली आम्ल, वर अल्क), ८च्या आसपास गेला की ते विरघळत नाही. सामू एका अंकानं चढला तर फेरिक लोहाची विद्राव्यता हजारपटीनं घटते. त्यात तुमचं बोअरचं पाणी. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच रोज बादलीनं कुंडीत जातोय. पाण्यातली बायकार्बोनेटं सामू खाली येऊच देत नाहीत.

आणि उपाय? टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सरळ चुना. राख अल्कधर्मी. डीएपीतलं स्फुरद लोह आणि जस्त दोघांनाही बांधून ठेवतं. चारांतलं शेणखत तेवढं निरुपद्रवी. जावेला काही बोलू नका, राख कोकणात चालते, ते खाली येईलच.

गंधकाचं उत्तर देण्याआधी एक तपासणी करा. कुंडीत वीतभर खालची चिमूटभर माती बशीत घ्या, टरफलाचे तुकडे वेचून काढा (नाहीतर तेच फसफसतील), पाण्यानं ओली करून आतली हवा जाऊ द्या आणि मग व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर मातीत मुक्त चुना आहे. मग गंधकाच्या नादी लागू नका. हिशेब साधा आहे: १० किलो मातीत ५ टक्के चुना म्हणजे अर्धा किलो. तो संपवायला १६० ग्रॅम गंधक लागेल, तेही जिवाणूंनी त्याचं आम्ल करून दिल्यावर, आणि त्याला आठवडेच्या आठवडे जातात. त्यापेक्षा माती बदलणं स्वस्त. जूनमध्ये दोन पाऊस झाले की, झाडावर बहार नसताना, कुंडी बदला. लाल माती आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट घ्या, त्यात थोडं धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळा. बुडाची भोकं मोकळी ठेवा. मुळं पाण्यात बसली तरी लोह उचललं जात नाही, आणि तुमचा त्रास पावसाळ्यानंतर सुरू झाला तो उगाच नव्हे.

तोवर काय करायचं? दुकानात चिलेटेड लोह (दुसऱ्या रेणूनं धरून विरघळतं ठेवलेलं) मागितलं की बहुधा त्यातला ईडीटीए हा प्रकार हातात ठेवतात. ते फवारायला ठीक, पण चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही. मातीत द्यायला ईडीडीएचए हा प्रकार मागा. गडद लालसर पूड असते, महाग असते, आणि सामू ८च्या वरही काम करते. मात्रा पाकिटावर असते तेवढीच. हे जमत नसेल तर लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, ताजं मिसळून ऊन उतरल्यावर फवारा. खाली कपडे वाळत असतील तर आधी काढा, डाग जात नाहीत. रोजच्या पाण्याला १५ लिटरच्या बादलीमागे सपाट चमचाभर, म्हणजे ४-५ ग्रॅम लिंबूसत्त्व पुरतं. पांढरी झालेली पानं पुन्हा पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. नवा फुटवा कसा येतो ते बघा, निकाल तिथे लागतो.

काकू, हा प्रश्न छापाल का शंकाच आहे. मी टोरांटोत असतो. इथे गांजाची चार झाडं घरी लावायला कायद्यानं परवानगी आहे. ११ लिटरच्या कापडी कुंड्यांत कोकोपीट घालून लावलीयत. खालच्या-मधल्या पानांवर गंजाच्या रंगाचे ठिपके, शिरांमधला भाग पिवळा, सगळ्या पानांची टोकं करपलेली. वरची पानं मात्र गडद हिरवी आणि टोकाशी खाली वळलेली. कॅल्शियम-मॅग्नेशियमचं टॉनिक दिलं, फरक नाही म्हणून दुप्पट केलं. आता जास्तच बिघडलंय. – एक वाचक, टोरांटो

छापते. पण आधी इथल्या वाचकांसाठी: कॅनडात हे १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, तुझ्या ऑन्टारिओत घरटी चार झाडं चालतात, शेजारच्या क्वेबेकमध्ये एकही नाही. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानुसार परवान्याशिवाय एक रोप लावलं तरी गुन्हा आहे, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. तेव्हा कोणी गच्चीवर प्रयोग करू नका आणि केलाच तर फोटो मला पाठवू नका.

हे झाड मी वाढवलेलं नाही. पण मुळांचं रसायन झाडाची जात विचारत नाही, आणि तू लक्षणं नीट लिहिलीयस.

तुझ्याकडे दोन उलटी लक्षणं एकाच झाडावर आहेत. करपलेली टोकं आणि गडद, खाली वळलेली पानं हे अति झाल्याचं लक्षण: नत्र जास्त, क्षार जास्त. ठिपके आणि शिरांमधला पिवळेपणा हे कॅल्शियम-मॅग्नेशियम न मिळाल्याचं. म्हणजे कुंडीत खच्चून भरलंय आणि झाडाच्या पदरात पडत नाही. अशा वेळी दुप्पट देणं म्हणजे कर्जावर कर्ज.

काथ्याच्या भुशाची एक खोड आहे. नारळ समुद्रकाठचा, भुशात सोडियम आणि पालाश भरलेला असतो. तू दिलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम भुसा स्वतःकडे धरतो आणि बदल्यात पालाश सोडतो. पालाश वाढलं की मुळं मॅग्नेशियम घ्यायला आणखी कुचराई करतात. म्हणून कोकोपीट वापरण्याआधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून धुवावं लागतं. पाकिटावर ‘धुतलेलं’ लिहिलेलं असतं त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

आता अंदाज बंद, मोजणी सुरू. दोन यंत्रं लागतील: पेनसारखा सामूमापक आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला ईसी (विद्युतवाहकता) मीटर. मातीत खुपसायचे दांड्यांचे मीटर मिळतात ते घेऊ नकोस, पैसे पाण्यात. सामूमापक आधी ४ आणि ७च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणात, लावून घे. आमच्या प्रयोगशाळेत सकाळचं पहिलं काम तेच असायचं, कोण कितीही घाईत असो. मग खताचं पाणी तयार कर, सगळं मिसळून झाल्यावर सामू बघ (आधी बघून उपयोग नाही, खतानं तो बदलतो), कुंडीत घाल आणि खाली गळालेलं पाणी वेगळ्या भांड्यात धर. आत गेलं त्याचे आकडे आणि बाहेर आलं त्याचे आकडे शेजारी शेजारी लिही.

आत १.४ ईसी गेला आणि बाहेर ३ आला तर क्षार साठलेत. कोकोपीटमध्ये देण्याच्या पाण्याचा सामू ५.८ ते ६.२ ठेवायचा. गळालेल्या पाण्याचा ५.५च्या खाली असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा रस्ता तिथे अडलाय. मला वाटतं तुझ्याकडे दोन्ही निघेल.

उपाय कंटाळवाणा आहे. कुंडीच्या तिप्पट, म्हणजे ३३ लिटरच्या आसपास पाणी हळूहळू ओतून काढ. साधं पाणी नको, त्यानं भुश्यातलं कॅल्शियमही हलतं. नेहमीच्या पाव मात्रेचं खत, सामू ६. मग निम्म्या मात्रेवर ये, आणि दर वेळी घातलेल्यातलं दहा-वीस टक्के पाणी खालून गळायलाच हवं. टॉनिक पाकिटावरच्या मात्रेपेक्षा थेंबभरही जास्त नको. बिघडलेली पानं तोडत बसू नकोस, ती अजून काम करतायत.

फुलोरा संपत आला की खालची पानं पिवळी होऊन गळतील. ते नत्र वर जाण्याचं नेहमीचं चक्र आहे, तेव्हा मला घाबरून लिहू नकोस. शरदातल्या थंड रात्रींनी देठ जांभळे झाले तरी स्फुरदाची बाटली उघडायची नाही. गार मुळं स्फुरद कमी उचलतात, आणि काही जाती मुळातच जांभळ्या पडतात.

हे उत्तर आईला दाखवायचं की नाही ते तुझं तू बघ. अंक तिच्याकडे येतच असेल.

महाबळेश्वरहून निळ्या फुलांचा हायड्रेंजिया आणला. पुण्यात पुढच्या वर्षी फुलं गुलाबी आली! रोपवाटिकेनं फसवलं का? – एक वाचक, पुणे

नाही हो. निळा रंग ॲल्युमिनियमचा. महाबळेश्वरच्या जांभ्याची माती आम्लधर्मी, तिथे ते विरघळून फुलात पोहोचतं. तुमच्या सोसायटीला टँकर किंवा बोअरचं पाणी असणार, त्यानं सामू चढला आणि ॲल्युमिनियम मातीतच राहिलं. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. कळ्या धरायच्या आधीपासून, पंधरा दिवसांतून एकदा, लिटरला अर्धा चमचा तुरटीची पूड विरघळवून ओल्या मातीत द्या, कोरड्या मातीत देऊ नका, मुळं भाजतात. हाडांचं खत बंद, त्यातलं स्फुरद ॲल्युमिनियमला पकडतं. रंग एका हंगामात पुरता फिरत नाही. मधल्या काळात एकाच झाडावर जांभळट गुच्छ येतील, मला तर तेच जास्त आवडतात. पांढऱ्या जातीवर मात्र तुरटी वाया घालवू नका, ती पांढरीच राहते.

कुंडीतल्या टोमॅटोचं बूड काळं पडतं. मातीत कीड आहे का? – एक वाचक, रत्नागिरी

कीड नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोहोचत नाही. कोकणातला पाऊस जांभ्याच्या मातीतला चुना धुऊन नेतो, सामू साडेपाचच्या आसपास असणं तिथे नेहमीचं. लिंबूवाल्या ताईंना मी जे बंद करायला सांगितलं ते तुम्ही करायचं: माती भरतानाच किलोमागे १-२ ग्रॅम चुन्याची पूड, किंवा टरफलं. पण टरफलं मिक्सरमधून पिठासारखी काढा, जाडे तुकडे वर्ष गेलं तरी तसेच सापडतात. राख मूठभर चालेल.

त्याहून महत्त्वाचं पाणी. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. दोन दिवस कुंडी वाळवायची आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब भरायची, असं केलं तर चुना असूनही बूड काळं पडेल. रोज सकाळी थोडं, आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन. युरिया देत असाल तर थांबवा, पानं माजतात आणि फळाच्या वाट्याचं पाणी तीच ओढून घेतात. डाग पडलेली फळं झाडावर ठेवू नका. काळा भाग कापून उरलेलं चटणीला खुशाल वापरा.