म्हाताऱ्या मांजराची किडनी: सलाईन, सुकट आणि रात्रीचं पाणी

प्रश्न : डॉक्टर, आमची मनी १३ वर्षांची आहे. महिन्याभरात एकदम वाळली, तोंडाला घाण वास यायला लागला म्हणून रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) ३.४ आलं. आता घरीच दिवसाआड १०० एमएल आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईन कातडीखाली द्यायला सांगितलंय. मिस्टर धरतात आणि मी टोचते, पण माझाच हात थरथरतो आणि ती नुसती बाटली बघूनच पलंगाखाली पळते. किडनीचं खास खाणं ३ हजारांचं आणलं, ते ती हुंगून निघून जाते. सासूबाई म्हणतात मांसमच्छी बंद करून दहीभात दे, किडनीच्या पेशंटला प्रोटीन चालत नाही. काय करू? – डोंबिवली

उत्तर : ताई, आधी दहीभाताचं बोलू, कारण घरोघरी हेच चालू असतं. सासूबाईंचं मन चांगलं आहे पण मांजर ही माणसाची छोटी आवृत्ती नाही, ते पक्कं मांसाहारी जनावर आहे. दहीभातावर ठेवलंत तर ती स्वतःचेच स्नायू जाळून जगणार, म्हणजे आधीच वाळलेली मनी अजून वाळणार. आपल्याला मुख्यतः आवरायचं असतं ते फॉस्फरस. त्यामुळे सुकट, सुके बोंबील, काट्यांसकट मासे हे बंद, त्यात मीठही भरपूर असतं. दूधही नको. किडनीच्या खाण्यात फॉस्फरस कमी आणि प्रोटीन बेताचं पण चांगलं, असं जुळवलेलं असतं म्हणून ते महाग.

आता ती ते खात का नाही? माझा अंदाज, तिला मळमळतंय. नीट बघा, ती भुकेने वाटीपर्यंत येते, वास घेते, ओठ चाटते, एक आवंढा गिळते आणि मागे फिरते, असं होतं का? होत असेल तर तो नखरा नाही, तिला खायचंय पण पोट नको म्हणतंय. तुमच्या डॉक्टरांकडून आधी मळमळीचं औषध घ्या आणि तोवर ते महागाचं पाकीट कपाटात ठेवून द्या, कारण मळमळत असताना दिलेलं खाणं मांजर डोक्यात पक्कं धरून बसतं आणि मग बरं वाटलं तरी त्याला तोंड लावत नाही. बरं वाटायला लागलं की नेहमीच्या खाण्यात एक चमचा नवीन, चार दिवसांनी दोन, असं करत महिनाभर घ्या, घाई नाही. जरा कोमट करून दिलं तर वास सुटतो. आणि हे लक्षात ठेवा, योग्य खाणं नाही म्हणून उपाशी ठेवायचं नाही. दोन-तीन दिवस पोटात काही नसेल तर मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठते आणि ते किडनीच्या आधी घात करतं. तेव्हा चिकनचं नुसतं उकडलेलं पाणी आणि चार तुकडे, कांदा-लसूण-मीठ काहीही न घालता, तेवढं खाल्लं तरी त्या दिवशी मी खूश.

सलाईनचं सांगते. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवा आणि मनगटावर थेंब टाकून बघा, बाळाचं दूध बघतो तसं. थंडगार सलाईन पाठीत गेलं तर तुम्ही-आम्हीसुद्धा पलंगाखाली पळू. बाटली पडद्याच्या रॉडला अडकवा, नळीतली हवा काढून टाका. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलली की छोटा तंबू होतो, त्या तंबूच्या दारातून सुई आत, पाठीला समांतर. केस ओले झाले तर समजायचं सुई पलीकडून बाहेर आली, होतं असं, सगळ्यांचं होतं. सुई दर वेळी नवीन आणि २० नंबरची मागा, बारीक घेतली की तिला कमी दुखेल असं वाटतं पण मग तेच १०० एमएल जायला पंधरा मिनिटं लागतात आणि एवढा वेळ कुठली मांजर बसते! झाल्यावर पाठीवर उंटासारखं उंचवटं येतं, ते घसरत पुढच्या पायात उतरतं, घाबरू नका, दुसऱ्या दिवसापर्यंत जिरतं. ग्लुकोजवालं सलाईन कातडीखाली अजिबात नाही. आणि श्वास जोरात चालायला लागला तर लगेच थांबवून फोन करा. जागा ठरलेली ठेवा पण ती तिची झोपायची नको, नाहीतर बिचारीला घरात विसावा उरत नाही.

राहिलं ३.४ चं. किडनीच्या आजाराच्या चार टप्प्यांतला हा तिसरा, २.९ ते ५ पर्यंतचा. अंगात पाणी कमी असलं की आकडा फुगतो, म्हणून सलाईननंतर पुन्हा तपासून घ्या. ‘आधी का नाही कळलं’ म्हणून स्वतःला लावून घेऊ नका, किडनीचं साधारण पाऊण काम गेल्याशिवाय क्रिएटिनिन वर येतच नाही. या टप्प्यावर वर्ष-दोन वर्षं मजेत काढलेली मांजरं मी बघितलीत.

प्रश्न : बोका ११ वर्षांचा. खातो-पितो, पण हल्ली बाथरूमच्या बादलीत तोंड घालून पाणी पितो आणि गादी ओली करतो. म्हणून रात्री पाणी ठेवणं बंद केलंय. बरोबर ना? – सातारा

उत्तर : नाही काका, आज रात्रीच ठेवा! तो जास्त पितो म्हणून जास्त मुततो असं नाही, उलटं आहे. किडनीला लघवी घट्ट करता येत नाही म्हणून पाणी निघून जातं आणि ते भरून काढायला तो बादली शोधतो. पाणी तोडलंत तर एका रात्रीत तब्येत ढासळू शकते. उलट दोन वाट्या वाढवा आणि मातीचा ट्रेही एक वाढवा. मग या आठवड्यात लघवीची घट्टता, क्रिएटिनिन, एसडीएमए (किडनीचीच रक्तातली दुसरी खूण, ही क्रिएटिनिनच्या आधी वाढते), फॉस्फरस, पोटॅशियम बघून घ्या, आणि शुगर-थायरॉईडही, कारण तहान त्यांनीही लागते. बीपी मोजायला विसरू नका. किडनीवाल्या मांजरांचं बीपी चढतं आणि एखाद्या सकाळी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, नजर गेलेली आणि मांजर खुर्चीच्या पायावर आपटतंय, असं दिसतं. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही.

वजन दर रविवारी. माणसांच्या काट्यावर १०० ग्रॅम कळत नाहीत आणि मांजरात १०० ग्रॅम म्हणजे बरंच काही, तेव्हा किचनच्या डिजिटल काट्यावर टोपली ठेवा, ती शून्य करा आणि बोक्याला बसवा. टोपली दिसली की मांजर आपणहून बसतं, हा एक फायदा.

प्रश्न : अंग गरम वाटलं म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळी दिली तर चालेल का? – नाशिक

उत्तर : पाव नाही, कणभरही नाही. मांजराचं लिव्हर ती पचवू शकत नाही, रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही आणि हिरड्या तपकिरी पडतात. दिली असेल तर हा अंक खाली ठेवा आणि आत्ता निघा.