डक्टचा भाव ठरल्याशिवाय भिंतीला हात लावू नका

न्यू जर्सीतील एडिसनहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे : आमचे १९६८ सालचे दुमजली घर आहे. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांमधली भारवाहक भिंत काढण्यासाठी काँट्रॅक्टरने ३२,००० डॉलर सांगितले आहेत. त्यांपैकी २०,००० यजमानांच्या ४०१-के खात्यावर (नोकरीतून मिळणारे निवृत्तिबचतीचे खाते) कर्ज काढून आणि १२,००० बचतीतून द्यावेत का? बचत ३८,००० डॉलर, घरखर्च महिना ५,५०० आणि यजमान एच-१बी व्हिसावर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर, आहेत.

आपण अंदाजपत्रकाची प्रत जोडलीत हे फार बरे केलेत, कारण ती वाचल्यावर असे दिसते की पैसे कुठून आणायचे हे ठरवण्याची वेळ अजून आलेली नाही. किती लागतील हेच नक्की नाही. तुळई, तात्पुरते टेकू, ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे पत्रे), रंग या सगळ्यांपुढे रकमा आहेत, पण 'हीटिंग डक्ट हलवणे' (डक्ट म्हणजे गरम हवा नेणारी पत्र्याची नळी) या ओळीपुढे 'प्रत्यक्ष खर्चानुसार' एवढेच लिहिले आहे. आपल्यासारख्या घरांत फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, बहुधा तळघरात असते आणि वरच्या खोल्यांना गरम हवा नेणारे उभे डक्ट आतल्या भिंतींच्या स्टडमधील (भिंतीच्या आतले उभे लाकडी वासे) साडेतीन इंच खोल पोकळीतून जातात. परतीची हवाही पुष्कळदा तिथूनच खाली येते. भिंत गेली की त्यांना नवी वाट काढावी लागते. तुळई छतात लपवायची म्हटली तर ती जॉइस्टच्याच (छतातले आडवे लाकडी वासे) पातळीवर बसते आणि आडव्या डक्टचा रस्ता अडवते, शिवाय तिला डक्टएवढे भोक पाडता येत नाही. वळसे वाढले की वरच्या खोलीत हवा कमी पोहोचते, आणि ते जानेवारीतच कळते. इतक्या जुन्या घरात डक्टच्या सांध्यांवरील पट्टीत ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक असे तंतुमय खनिज) निघण्याचीही शक्यता असते; तसे झाल्यास ते काढून होईपर्यंत काम थांबते.

म्हणून सही करण्यापूर्वी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि हीटिंगचा जाणकार यांना एकाच वेळी घरी बोलवा, डक्टचा मार्ग आराखड्यावर काढून घ्या आणि त्या कामाचा पक्का भाव लेखी मागा. भिंतीचा दोन-अडीच फुटांचा तुकडा ठेवला तर उभे डक्ट आणि तुळईचा खांब दोन्ही त्यात बसतील का, हेही त्यांना अवश्य विचारा. बसत असतील तर मी तोच पर्याय निवडेन. स्वयंपाकघर बरेचसे मोकळे होते आणि खर्चातील सर्वांत अनिश्चित भाग जवळजवळ नाहीसा होतो. टाऊनशिपच्या (स्थानिक नगरप्रशासनाच्या) परवान्याविना हे काम मुळीच करू नका, कारण घर विकताना ते अंगाशी येते.

आता पैशांविषयी. ४०१-के वरचे कर्ज आपण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरी सुटली तर उरलेली रक्कम सहसा त्या वर्षाच्या आयकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. न भरल्यास तिच्यावर आयकर आणि बहुतेकांना आणखी १० टक्के दंडकर बसतो. शिवाय नोकरी सुटल्यावर एच-१बीधारकाला नवी नोकरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, म्हणजे एक नोकरी गेली की दोन्ही संकटे दारात उभी राहतील. आपल्या परिस्थितीत सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ३३,००० डॉलर, हाताशी असलेच पाहिजेत. त्यामुळे आज खर्चायला मोकळे आहेत ते फक्त ५,०००, आणि त्यांतून इंजिनिअरची व तपासणीची फी द्यावी.

उरलेल्या रकमेसाठी दरमहा बाजूला टाकत राहा. कमी पडलेच तर थोडी होम इक्विटी लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे घरातील आपल्या मालकीच्या हिश्श्याच्या तारणावर गरजेपुरते उचलता येणारे कर्ज, घेता येईल. तिचा व्याजदर बदलता असतो हे खरे, पण तिच्यामुळे मूळ गृहकर्जाला धक्का लागत नाही. ते कमी दराच्या काळातले असेल तर मोडून मोठे कर्ज घेण्याचा विचारही करू नका. सर्व पावत्या जपून ठेवा, कारण अशा सुधारणेचा खर्च पुढे घर विकताना त्याच्या मूळ किमतीत धरता येतो. पक्का भाव आणि त्यावर १५ टक्के राखीव एवढी तरतूद झाली की काम मे महिन्यानंतर सुरू करा. तेव्हा फर्नेस काही आठवडे बंद राहिली तरी मुलांना थंडीत झोपावे लागणार नाही.