प्रमाणित वेळ की प्रत्यक्ष तास?

प्रश्न : मी अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात खर्चाचे अंदाजपत्रक तयार करतो. प्रत्येक कामाची प्रमाणित वेळ आम्ही मोजून ठेवली आहे. मात्र प्रत्यक्षात तास नेहमीच अधिक लागतात. ही आकडेवारी वाटाघाटीत पुढे केल्यास सरकारी अधिकारी तिच्याच आधारे आमचे तास कापतील, अशी वरिष्ठांना धास्ती वाटते. ती न दाखवणे योग्य ठरेल काय?

उत्तर : मुळीच नाही. 1962 च्या ‘ट्रुथ इन निगोशिएशन्स’ कायद्यानुसार, विशिष्ट रकमेच्या वरच्या ज्या करारांना खर्चाची माहिती प्रमाणपत्रासह देणे बंधनकारक असते, त्यांत ती अचूक, संपूर्ण आणि अद्ययावत असल्याची लेखी हमी द्यावी लागते. किमतीवर परिणाम करणारी माहिती दडवल्याचे पुढे उघड झाले, तर ठरलेली किंमत कमी केली जाते.

वरिष्ठांची धास्ती मात्र निराधार नाही. प्रमाणित वेळ म्हणजे प्रशिक्षित कामगाराला, ठरलेल्या पद्धतीने आणि सर्वसाधारण गतीने काम करताना लागणारी वेळ. ती किंमत नव्हे. समजा, एका कामाची प्रमाणित वेळ 4 तास आहे आणि प्रत्यक्षात 6 तास लागतात. म्हणजे गुणक (प्रत्यक्ष तास भागिले प्रमाणित वेळ) 1.5 झाला. खरी वाटाघाट या वरच्या 2 तासांवर होते, म्हणून केवळ ‘आमचा गुणक 1.5 आहे’ एवढे सांगून भागत नाही. त्यांपैकी किती वेळ मालाची वाट पाहण्यात गेला, किती दुरुस्तीत आणि किती आराखडा बदलल्यामुळे, याची फोड नोंदींसह मांडा. आराखड्यातील बदल एकदाच झाला असेल, तर तो वेळ पुढच्या खेपेत धरता येणार नाही, आणि हे आपणच आधी सांगितलेले बरे.

दुहेरी मोजणी कटाक्षाने टाळा, कारण अनुभवी तपासनीस तीच आधी शोधतो. वैयक्तिक गरजा, थकवा आणि अटळ विलंब यांसाठीची सवलत प्रमाणित वेळेत बहुधा आधीच मिळवलेली असते; तोच विलंब गुणकाचे कारण म्हणून पुन्हा दाखवला, तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. सरावाने तासांत होणारी घटही लक्षात घ्या. एकूण उत्पादन दुप्पट होत जाते तसतसे प्रतिनग तास ठरावीक प्रमाणात घटतात, हे अमेरिकी विमान अभियंते टी. पी. राइट यांनी 1936 मध्ये विमाननिर्मितीच्या संदर्भात मांडले. तेव्हा पहिल्या खेपेचा गुणक पाचव्या खेपेला जसाच्या तसा लावणे टिकणारे नाही.

मापन कसे झाले, हेही विचारले जाईल. आता रद्द झालेल्या ‘मिल-स्टँडर्ड-1567ए’ या 1983 च्या लष्करी मानकात पहिल्या, म्हणजे अधिक काटेकोर प्रकारच्या मापनासाठी 90 टक्के विश्वासपातळीवर अधिक-उणे 10 टक्के अचूकतेची अट होती. आपली मापने याच्या जवळपास बसतात का, हे एकदा तपासून घ्या. पद्धत किंवा यंत्र बदलूनही जुनीच वेळ कागदावर राहिली असेल, तर त्या कामाचे मापन बैठकीपूर्वी नव्याने करा आणि किंमत ठरेपर्यंत हाती आलेले प्रत्येक नवे मापन समोरच्या पक्षाला कळवा.