घरात विचारायला कुणी नाही, तेव्हा कुणाला विचारायचं?

करिअर ठरवताना वाट दाखवणारा माणूस कसा शोधावा, याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांत एक वाक्य हमखास असतं: “आमच्या ओळखीचं कुणी नाही.” हुशारीत कुठेही कमी नसलेली मुलं केवळ एवढ्या एका कारणानं मागे राहिलेली मी वर्षानुवर्षं पाहतो आहे, म्हणून या वेळचं सदर या पत्रांसाठीच. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : आमची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. तेल्यानं बाग गेली तेव्हापासून तिला झाडांच्या रोगांचा नाद लागलाय. डाग पडलेली पानं वहीत चिकटवून ठेवते. पाहुणे म्हणतात, नीट द्या नाहीतर इंजिनिअरिंगला घाला. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. तिला नीट सांगणारं माणूस कुठून आणू?
*– एक वडील, सोलापूर जिल्हा*

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ती वही. अकरावीतल्या मुलांना “तुला काय आवडतं?” असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. तुमच्या मुलीनं त्याचं उत्तर पानापानावर चिकटवून ठेवलंय. प्रत्येक पानाखाली तारीख, बागेचा कुठला भाग, त्या आठवड्यात पाऊस होता का, कसली फवारणी झाली होती, एवढं लिहायला सांगा. पुढे ती ज्यांच्याकडे जाईल, त्यांना ही वही पाहूनच तिच्याशी काय बोलायचं ते कळेल.

आता ओळखीचं. सोलापूरला केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. 2005 मध्ये ते सुरू झालं. तेल्या हा झँथोमोनास जातीच्या जिवाणूमुळे होणारा रोग, आणि त्यावर तिथं सतत काम चालतं. बागाईतदार म्हणून सल्ला विचारायला तुम्ही तिथं किंवा जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊ शकता. पुढच्या खेपेला मुलीला बरोबर न्या, वहीसकट. आधी फोन करून प्रयोगशाळा बघायला मिळेल का, ते विचारा. डागाळलेल्या पानाचा बारीक तुकडा घेऊन, तो वरून निर्जंतुक करून काचेच्या बशीत पोषक माध्यमावर ठेवतात आणि काही दिवसांत त्यातून जिवाणूंच्या फिकट पिवळ्या, चिकट वसाहती उगवतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की हे काम आपलं आहे की नाही, हे तिचं तिला कळेल. बशा धुणं, नोंदी ठेवणं, तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करणं हेही दिसू दे. ते पाहूनही तिला परत जावंसं वाटलं तर निम्मं काम झालं.

पण कायमचा आधार म्हणून शास्त्रज्ञांच्या मागे लागू नका. त्यांच्याकडे वेळ कमी असतो आणि त्यांचं शिक्षण होऊनही बरीच वर्षं झालेली असतात. तिच्या पुढे तीन-चार वर्षं असलेली एखादी विद्यार्थिनी शोधा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठं. त्यांच्या महाविद्यालयांत तुमच्या तालुक्यातली मुलं असणारच. कृषी सहायकाला विचारा, ज्युनिअर कॉलेजच्या सरांना विचारा. कृषीच्या पदवीला प्रवेश एमएचटी-सीईटीवर होतो, पदवी चार वर्षांची असते, होस्टेलचा खर्च साधारण किती येतो, हे ती मुलगी सांगेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाट कुठे फुटते तेही सांगेल. कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. करायची तर साधारणपणे आधी कृषीचीच पदवी लागते. नुसती बॉटनी किंवा मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. केली तर पुढची वाट वेगळी होते. ती वाटही चांगली आहे, पण हा फरक बारावीनंतरच्या त्या आठ-पंधरा दिवसांत कळायला हवा. तिसऱ्या वर्षाला कळून उपयोग नाही. ज्या घरात आधी कुणी शिकलेलं असतं तिथं ही माहिती जेवता जेवता कानावर पडते. तुमच्या घरात ती आणून द्यावी लागेल, आणि त्यासाठीच हा माणूस हवा.

पाहुण्यांशी वाद घालत बसू नका. नीटचा फॉर्म भरायचा तर भरू दे, परीक्षा दिल्यानं काही बिघडत नाही. फक्त तेवढ्यासाठी ती वही बंद होऊ देऊ नका.

प्रश्न : मी 19 वर्षांचा आहे. आयटीआय फिटर झालो आणि सातपूरच्या एका कंपनीत अप्रेंटिस लागलो. ज्या सिनिअरच्या हाताखाली आहे ते काही शिकवत नाहीत. झाडून घे, चहा सांग, माल उचल, एवढंच. विचारलं तर “बघत जा” म्हणतात. वर्ष असंच जाईल का?
*– एक शिकाऊ उमेदवार, नाशिक*

हे तुझ्या हातात आहे आणि थोडं तुझ्या हाताबाहेरही आहे. दोन्ही सांगतो.

आधी तुझ्या हातातलं. पंचवीस-तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला “मला शिकवा” म्हटलं तर कुठून सुरुवात करायची ते त्यालाच कळत नाही. त्याचं ज्ञान बोटांत असतं. त्याच्याकडे मोठी विनंती घेऊन जाऊ नकोस. छोटा आणि नेमका प्रश्न घेऊन जा. समजा ड्रॉइंगवर 25 मिलिमीटरचं माप आहे आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वर-खाली 0.02 दिलाय. तुझ्या आयटीआयच्या व्हर्निअरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिलिमीटर असतो. मग “काका, हे माप व्हर्निअरनं घेतलं तर भरवसा ठेवायचा का, की मायक्रोमीटरच लागेल?” असं विचार. असा प्रश्न ऐकला की माणूस हातातलं काम थांबवून तुझ्याकडे बघतो. पोरगं ड्रॉइंग वाचतंय, हे त्याला कळतं. दिवसाला असा एकच प्रश्न, तोही सेटिंग चालू असताना नको. जेवणाच्या सुट्टीत किंवा शिफ्ट सुटताना विचार.

रोज रात्री दहा ओळींची डायरी लिही: आज कोणता जॉब होता, कोणतं मशीन, कुठे रिजेक्शन आलं, का आलं. महिन्यानं ती काकांना दाखव आणि “यात काय चुकलंय?” एवढंच विचार. समोर आलेलं चुकीचं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय जुन्या कारागिराला राहवत नाही. मुलांना कामाला लावून पुढे टूलरूमपर्यंत घेऊन गेलेले असे कितीतरी उस्ताद मी पाहिलेत, आणि सुरुवातीला त्यातले बरेचसे “बघत जा” म्हणणारेच होते.

आता दुसरी बाजू. तू तिथं मदतनीस म्हणून लागलेला नाहीस. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली तुझा करार झालाय, आणि तुझ्या ट्रेडचं ठरलेलं प्रशिक्षण देणं ही कंपनीची जबाबदारी आहे. आपली जागा झाडायला कमीपणा मानू नकोस, शॉप फ्लोअरवर सगळेच झाडतात. पण दोन-तीन महिने होऊनही हातात टूल येत नसेल तर आधी कंपनीच्या ट्रेनिंग विभागात किंवा एचआरमध्ये लेखी विचार. तिथं दाद लागली नाही तर जिल्ह्यातल्या बीटीआरआय केंद्रात जा. शिकाऊ उमेदवारीचं काम तिथूनच बघतात. जाताना डायरी घेऊन जा. रोजच्या नोंदी असल्या की तुझं म्हणणं कुणाला उडवून लावता येत नाही.

प्रश्न : वय 27. पुण्यात राहून चार वर्षं राज्यसेवेची तयारी करतोय. अभ्यासिकेतले सिनिअर मला मार्गदर्शन करतात. ते स्वतः सात-आठ वर्षं देतायत. ते म्हणतात, आता पॅटर्न बदललाय, सगळ्यांचीच सुरुवात शून्यातून आहे, अजून दोन अटेम्प्ट दे. घरून पैसे मागवायची लाज वाटते. काय करू?
*– एक उमेदवार, मूळ गाव जालना जिल्हा*

तुमच्या सिनिअरचं मन चांगलं आहे, याबद्दल मला शंका नाही. अभ्यासिकेतली ही माणसं स्वतःच्या नोट्स देतात, आजारपणात डबा आणून देतात. पण “थांबू की पुढे जाऊ” हा प्रश्न त्यांना विचारू नका. ते स्वतः त्याच रांगेत उभे आहेत. तुम्ही रांग सोडली तर त्यांना स्वतःकडेही नव्यानं बघावं लागेल, आणि ते कुणालाच सोपं नसतं.

2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, हे खरं. पण त्यामुळे सगळे शून्यावर आले, हे खरं नाही. ज्याला मुद्देसूद लिहिता येतं तो पुढे आहे. तेव्हा आधी तेच तपासा. मागच्या पेपरातले दहा प्रश्न वेळ लावून लिहा आणि अलीकडेच निवड झालेल्या एखाद्या अधिकाऱ्याकडून किंवा लिखाण तपासणाऱ्या जाणकार प्राध्यापकाकडून तपासून घ्या. त्यांना एकच विचारा: “हे उत्तर स्पर्धेत टिकेल का?” गोड बोलणाऱ्यापेक्षा लाल पेन चालवणारा माणूस निवडा.

दुसरा माणूस असा शोधा, ज्यानं तयारी सोडली आणि आता दुसरं काही करतो. बँकेत असेल, शाळेत असेल, पत्रकार असेल, कुठल्या सामाजिक संस्थेत असेल. अभ्यासिकेत अशांची नावं कुणी काढत नाही, जणू ते हरलेच. खरं तर तुमच्या कामाची माहिती सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच आहे. चार वर्षांच्या अभ्यासाचं बाहेर काय मोल मिळालं, मुलाखतीत रिकाम्या वर्षांबद्दल काय सांगितलं, घरच्यांशी कसं बोलले, हे त्यांना विचारा.

वयोमर्यादा खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे, म्हणून अजून वेळ आहे असं सगळे म्हणतात. ती अर्ज करण्याची मर्यादा आहे. तुमची मर्यादा तुम्ही ठरवा, ती कागदावर लिहा आणि वडिलांना सांगा. पुढचा अटेम्प्ट द्यायचाच असेल तर अर्धवेळ काम धरून द्या. मला विचाराल तर, घरून पैसे मागवण्याची लाज मनात घेऊन केलेल्या अभ्यासापेक्षा चार तास शिकवून केलेला अभ्यास जास्त शांतपणे होतो.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर एक जण “वन टू वन मेंटॉरशिप” देतो. 40 हजार फी, सहा महिन्यांत नोकरीची हमी. आजच भरले तर 25 हजार. घेऊ का?
*– बी.कॉम. तृतीय वर्ष, अहिल्यानगर*

नको. हमी आणि “आजच” हे दोन शब्द एकत्र आले की तिथून निघायचं. तुमच्या कॉलेजातून मागच्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्यांपैकी जे टॅलीवर, जीएसटीच्या कामात किंवा सीएच्या ऑफिसात लागलेत, त्यांची यादी वाणिज्य विभागाच्या सरांकडून मिळवा. त्यातल्या तिघांना जरी फोन केलात तरी त्या 40 हजारांत मिळणार नाही एवढं कळेल.

प्रश्न : कॉलेजच्या ऑन जॉब ट्रेनिंगसाठी एका फर्ममध्ये जाते. तिथले सर मला खूप शिकवतात, पण रात्री उशिरा मेसेज करतात, “बाहेर भेटून करिअरवर बोलू” म्हणतात. नाही म्हटलं तर शिकायची संधी जाईल अशी भीती वाटते.
*– एक विद्यार्थिनी, पुणे*

तुम्हाला जे खटकतंय ते बरोबर खटकतंय. शिकवणाऱ्याला जे सांगायचं ते ऑफिसात, दिवसाउजेडी, इतरांसमोर सांगता येतं. एकदा स्पष्ट लिहून कळवा: “सर, कामाचं बोलणं ऑफिसच्या वेळेतच करू.” सरळ माणूस तिथंच थांबतो. तो थांबला नाही, किंवा त्यानंतर तुमचं काम काढून घेऊ लागला, तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि कॉलेजच्या प्रशिक्षण समन्वयकांना सांगा.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, त्यासाठी पगारी नोकरीत असावं लागत नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान फर्म असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून फार दिवस एकटीनं सोसत बसू नका. ट्रेनिंगची जागा बदलून मिळू शकते. ती मागताना अपराधी वाटून घेऊ नका.

प्रश्न : मी वीज कंपनीतून निवृत्त झालेला अभियंता आहे. ठाण्यात राहतो. गरीब वस्तीतल्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना करिअरबद्दल मार्गदर्शन करायची इच्छा आहे. एखादं व्याख्यान देऊ का? आणि याचा खरंच उपयोग होतो का?
*– एक ज्येष्ठ वाचक*

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. उपयोग होतो, पण व्याख्यानाचा फारसा नाही. एका मुलाबरोबर वर्षभर टिकलात तर होतो.

जर्मनीत यावर एक चांगला अभ्यास झाला. तिथल्या दहा शहरांत, कमी गुणवत्तेच्या समजल्या जाणाऱ्या शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलांना प्रत्येकी एक विद्यापीठातला विद्यार्थी सोबतीला दिला. कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणून निष्कर्षांवर भरवसा ठेवता येतो. वर्षानंतर वंचित घरांतल्या मुलांचे गणिताचे गुण सुधारले, आणि आपल्याला पुढे काय करायचंय हे त्यांना जास्त नीट कळू लागलं. हे दोन्ही परिणाम तीन वर्षांनीही टिकून होते. बऱ्या परिस्थितीतल्या मुलांवर मात्र परिणाम दिसला नाही, त्यांना ते घरातच मिळत होतं. म्हणजे तुम्ही शाळा अगदी योग्य निवडली आहे.

अमेरिकेतला 2002 मधला एक अभ्यास मात्र सावध करतो. मूल आणि त्याचा मोठा सोबती अशा वर्षभर टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. ज्यांचा मोठा सोबती तीन महिन्यांच्या आत सोडून गेला, त्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत उलट खालावलं. म्हणून उत्साहात दहा मुलं घेऊ नका. दोन घ्या. जूनमध्ये सुरू करून एप्रिलपर्यंत जमणार असेल तरच हो म्हणा. मध्ये मुलाकडे अमेरिकेला जायचं असेल तर ते आधीच सांगा.

पहिल्या भेटीत “तुला काय व्हायचंय?” विचारू नका. मुलं डॉक्टर नाहीतर पोलीस सांगून मोकळी होतात. शाळेतून घरी जाताना वाटेत कोण कोण काय काम करताना दिसतं, ते विचारा. मग एखाद्या दिवशी तुमच्या जुन्या खात्याची परवानगी काढून त्यांना सबस्टेशन दाखवा. कंट्रोल रूममध्ये कोण बसतं, लाइनमन होण्यासाठी आयटीआयचा कोणता ट्रेड लागतो, दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला कसं जाता येतं, हे तिथं उभं राहून सांगितलेलं मुलं विसरत नाहीत. तिथल्या एखाद्या तरुण ऑपरेटरशी त्यांना एकटं बोलू द्या, तुम्ही बाजूला व्हा.

पैसे किंवा मोबाइल देऊ नका, नातं बिघडतं. फी अडली असेल तर शाळेला सांगा. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, पालकांना भेटा, आणि भेटी शाळेच्या वर्गात, दार उघडं ठेवूनच घ्या. भेट पंधरा दिवसांतून एकदा, तासभर पुरे. उठण्याआधी पुढच्या भेटीची तारीख मुलाच्या वहीत त्यालाच लिहायला लावा.