ब्रेकसाठी पॉलिसीवर लोन काढू का?

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, बायको, दोन लहान मुलं, होम लोन २८ लाख बाकी. २०१२ ची स्विफ्ट आहे, कसारा घाट उतरताना ब्रेकचं पेडल मऊ पडतं म्हणून नवीन मॉडेलच्या मोठ्या डिस्क आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) टाकायचेत, गॅरेजवाल्याने ५५ हजार सांगितलेत. पैसे एन्डोमेंट पॉलिसीवर (विमा आणि बचत एकत्र, मुदत संपली की पैसे परत) लोन काढून, कारण "ती तशीही दुप्पट-तिप्पट होणारच आहे".

ब्रेकचं आधी सांगतो, नका करू. घाटात पेडल मऊ पडतं ते बहुतेक वेळा ब्रेक ऑइल जुनं झाल्यामुळे, त्यात पाणी मुरतं आणि तापलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल बदला, पॅड चेक करा, टायर झिजले असतील तर चारही नवीन टाका, घाट खालच्या गियरमध्ये उतरा, २०-२५ हजारांत काम होईल. डिस्क मोठी केली तरी शेवटी रस्ता धरतात ते टायरच, आणि इन्शुरन्स कंपनीला न कळवता असला बदल केला तर क्लेमच्या वेळी फाटे फुटतात ते वेगळंच. दीड-दोन लाखांच्या गाडीत घातलेले ५५ हजार विकताना कोणी देत नाही.

खरी काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या ओळीने. पॉलिसीचा हप्ता वर्षाला ६० हजार, कव्हर १२ लाख, चार हप्ते भरलेत, आणि याशिवाय लाइफ इन्शुरन्स काहीच नाही! अहो, उद्या तुम्हाला काही झालं तर घरी येणार १२ लाख आणि थोडा बोनस, बँकेचे २८, म्हणजे वहिनींच्या डोक्यावर पंधरा-सोळा लाख कर्ज आणि मुलांच्या फीला हातात काही नाही. त्यात पॉलिसीवर लोन काढलंत तर तेही त्या १२ मधूनच कापून घेतील.

आणि दुप्पट-तिप्पट कसलं? २० वर्षांत १२ लाख भरायचे, एजंटने लिहून दिलेत २२, म्हणजे साडेपाच टक्के. तेच पैसे पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी २६ लाखांच्या पुढे जातात. साडेपाच टक्के मिळवणाऱ्या पॉलिसीवर नऊ-साडेनऊ टक्क्यांनी लोन घ्यायचं, हे गणित कुठे बसतं? २८ लाखांचं कर्ज असलेल्या माणसाला १२ लाखांचं कव्हर विकणाऱ्याचा मला खरंच राग येतो.

तर आधी एक कोटीची टर्म पॉलिसी (नुसता विमा, बचत नाही) घ्या, सिगरेट नसेल तर वर्षाला १५ हजारांच्या आसपास पडेल, फॉर्ममध्ये तब्येतीचं काहीही लपवू नका. ती हातात येईपर्यंत जुनी बंद करायची नाही, हे नक्की पाळा. मग ब्रांचमध्ये जाऊन, एजंटला न विचारता, सरेंडर केली (पॉलिसी मोडून पैसे घेतले) तर किती आणि पेड-अप केली (हप्ते थांबवून पॉलिसी कमी कव्हरवर चालू ठेवली) तर किती हे दोन्ही आकडे लेखी मागा. पेड-अपमध्ये कव्हर २० तल्या ४ हप्त्यांच्या हिशोबाने २ लाख ४० हजारांवर येईल, वर जमा झालेला बोनस. हप्ता थांबला की टर्मचे जाऊन वर्षाला ४५ हजार उरतात, पहिल्या वर्षी त्यातूनच टायर आणि ब्रेकचं काम करा, लोन लागत नाही. एजंट मध्येच युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) घेऊन येईल, सही करू नका. ते दोन आकडे मिळाले की मला पाठवा, सरेंडर की पेड-अप ते तेव्हा सांगतो.